दुर्गंध पिणारी माती

पाणी मिळालं नाही तर कोरड्या मातीवर हात टेकवून तयम्मुम करावं, असं लहानपणी मला घरी शिकवलं गेलं. ज्या मातीनं हात मळतात ती माणसाला शुद्ध कशी करील, असा प्रश्न तेव्हा मनात येई. त्याचं एक उत्तर पुढे मला गटारांच्या इतिहासात सापडलं.

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी इतकी नासली, की पार्लमेंटच्या खिडक्यांना चुन्याच्या द्रावणात भिजवलेले पडदे लावावे लागले. मग जोसेफ बॅझलजेट या अभियंत्यानं जमिनीखाली गटारांचं प्रचंड जाळं बांधलं. पुढे शहराशहरांत हेच झालं. मैला गावाबाहेर गेला, पण दुर्गंधीही त्याच्याबरोबर गेली आणि जिथे सांडपाणी साठलं तिथल्या वस्तीच्या माथी बसली.

या दुर्गंधीत मुख्य वाटा हायड्रोजन सल्फाइडचा. सडक्या अंड्यासारखा याचा वास. हा वायू थोडा असला तर नाक मुरडतं. फार असला तर नाकच बधिर होतं, वास कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो.

या वायूवर जीवाणूंचा उपाय करता येईल, हा विचार जर्मनीत बाख या संशोधकानं १९२३ मध्येच मांडला होता. अमेरिकेत रिचर्ड पॉमरॉय यांना १९५७ मध्ये अशा पद्धतीचं पेटंट मिळालं. रचना अगदी साधी. जमिनीत छिद्रांच्या नळ्या पुरायच्या, त्यांतून दूषित हवा सोडायची आणि ती मातीतून वर येऊ द्यायची.

पण माती वास नुसता शोषून ठेवते, की खरोखर संपवते? नुसता शोषत असेल तर एक दिवस ती भरून जाणार. १९६६ मध्ये कार्लसन आणि लायझर या संशोधकांनी दाखवून दिलं, की मुख्य काम मातीतल्या जीवाणूंचंच आहे. दगडावर शेवाळ धरावं तसा जीवाणूंचा ओलसर, बुळबुळीत थर मातीच्या कणांवर धरतो. वायू त्या ओलाव्यात विरघळतो आणि जीवाणू त्यावर जगतात. सल्फाइडचं सल्फेट होतं. द्रावकांच्या वाफांवर जगणारे जीवाणूही असतात. ते त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतात.

पुढे जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये मातीच्या जागी कंपोस्ट आणि झाडांच्या साली आल्या. मग प्लास्टिकचे सच्छिद्र ठोकळे रचून वरून पाणी झिरपत ठेवायची पद्धत निघाली. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत गॅब्रिएल आणि देशुस यांनी कॉस्टिक आणि ब्लीचवर चालणारा हवा धुण्याचा मनोरा बदलून तो जीवाणूंच्या हवाली केला. त्यांचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हवा त्या थरांतून जायला जेमतेम दोन सेकंद लागत, तेवढ्यात जीवाणू आपलं काम उरकत.

मात्र हे चाकर लाडावलेले. थर सुकला की ते मरतात, खाद्य तुटलं की उपाशी राहतात. शिवाय सल्फाइड खाता खाता आम्ल तयार होतं, तेही वेळोवेळी धुऊन काढावं लागतं.

आणि त्यांची एक मर्यादा मला जास्त बोचते. पंख्यानं ओढून आणलेली हवाच त्यांना शुद्ध करता येते. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाच्या नाकाशी असलेल्या हवेपर्यंत ते पोचत नाहीत. आपल्याकडे संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्यानं मनाई केली. त्यानंतरही अशा मृत्यूंच्या बातम्या थांबल्या नाहीत. वस्तीला वास येऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी ऐंशी वर्षं खपून जीवाणूंना कामाला लावलं. गटारात माणसाऐवजी यंत्र उतरवायला तर एवढंही संशोधन लागत नाही.