करडे, सुपे, धामारी: गुन्ह्याची गोष्ट कुठून सुरू करायची

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांचे शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांत शिरले आणि वह्या नि कर्जरोखे रस्त्यात आणून जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते; तेव्हा ते, आजच्या दौंड तालुक्यातल्या गावांसारखेच, भीमथडीत होते. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने चार दिवसांनी पाठवलेल्या पत्रात एक घर जळाल्याची, डझनभर घरे फोडून रिकामी केल्याची, ५० माणसे पकडल्याची आणि २,००० रुपयांचा माल परत मिळवल्याची नोंद आहे. नुकसान २५,००० रुपयांवर गेल्याचा अंदाज होता, सावकारांच्या मते ते लाखाच्या पुढे होते. स्थळ, तारीख, आरोपी, मुद्देमाल असा गुन्हेमालिकेच्या एका भागाला पुरेल एवढा ऐवज या एका पत्रात आहे. फक्त एक प्रश्न त्यात सुटत नाही. लुटायला आलेला माणूस कापड आणि धान्य उचलून नेतो; या माणसांनी कागदही जाळला, आणि ठिकठिकाणी आधी कागदच मागितला, तो का? कथानक आणि पात्र यांचे नाते काय, हा आज मालिकांच्या संदर्भात विचारला जाणारा प्रश्न नेमका इथे उभा राहतो. माझे म्हणणे असे की घटनाक्रम माणसाच्या मागच्या हिशेबातून उगवला नाही, तर गोष्ट चटकदार होईल, पण गुन्हेगार चुकीचा ठरेल. शिरूर आणि भीमथडीच्या इतिहासात याचा पुरावा आहे.

हा पुरावा सुप्याच्या आधी पाच महिने, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी सुरू होतो. तिथे काळुराम या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि देशमुखांच्या घरादारावर गदा आली. देशमुख वतनदार होते, गावात त्यांचा शब्द चालत होता. डिसेंबर १८७४ मध्ये गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून कोणी माल घेईना, त्यांची शेते कोणी कसेना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार अशा सगळ्या बलुतेदारांनी काम थांबवले. घरगडी मिळेनासे झाले. शेवटी सावकार गाव सोडून शिरूरला जायला निघाले, तेव्हा त्यांच्या सामानासाठी गाडी हाकायलाही कोणी पुढे आले नाही. ही योजना गरीब, भोळ्या, अडाणी रयतेला सुचली असे मानणे कठीण आहे. गावगाड्यात कोण कुणावाचून अडतो, हे ज्याला आतून ठाऊक आहे त्याचीच ही चाल. इथे प्रत्येक पुढची घटना कुणाच्या तरी स्वभावातून आणि गावातल्या स्थानातून निघते. कर्जात बुडालेला सामान्य कुणबी हा बहिष्कार उभा करू शकला नसता, आणि देशमुखांवर तो प्रसंग आला नसता तर त्यांनी तो केला असता का, हेही सांगता येत नाही. एका प्रतिष्ठित माणसाचा वैयक्तिक अपमान साऱ्या गावाच्या रोषाला वाट करून देतो, इतका भरीव प्रसंग कुठल्याही लेखकाला हवाहवासा वाटावा.

पण देशमुख आणि काळुराम या दोघांच्या मागे आणखी एक पात्र उभे होते: सरकार. १८३० च्या दशकात इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ३० वर्षांचा धारा ठरवला होता. त्याची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये पुन्हा इंदापूरपासूनच फेरआकारणी सुरू झाली, पुढे भीमथडीचीही पाळी आली, आणि सारा कित्येक गावांत निम्म्याहून अधिक वाढला. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, १८५८ मध्ये पुण्याहून दौंडवरून पुढे गेलेल्या रेल्वेने मजुरी आणि पैसा आणला होता, आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली होती. १८६५ ला यादवी संपली, भाव कोसळले आणि कर्जे तशीच राहिली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचे प्रकरण तर फार बोलके आहे. रोखा तीनच वर्षे चालेल, म्हणजे व्याज अमर्याद फुगणार नाही, असा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि कुळाच्या अंगठ्याखालचा आकडा वाढत गेला. कायदा कुणाच्या हातात पडतो, यावर त्याचे फळ ठरले. सुप्यात कागदच का जळला, याचे उत्तर इथे आहे. मुन्सफाच्या कोर्टात शेतकऱ्याविरुद्ध जी एकमेव साक्ष चालत होती, ती त्याने नष्ट केली. जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले तिथे बहुधा पुढे काही घडले नाही; एवढ्या मोठ्या उठावात माणसांवरचा हिंसाचार फार थोडा आहे.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. वाढलेला सारा उठावाला कारण झाला का, हे कमिशनला मुद्दाम विचारले होते. साक्षी-पुराव्यांचा ढीग समोर असताना निष्कर्ष असा निघाला की दोष सरकारी मागणीचा नाही, सावकाराचा आहे. पुण्याची सार्वजनिक सभा साऱ्याच्या बोज्याबद्दल आधीपासून तक्रार मांडत होती, पण गोष्ट लिहिणाऱ्याने स्वतःला गोष्टीबाहेर ठेवले. लोभी सावकार आणि भाबडी रयत असे दोन ठरीव साचे उरले, की तिसऱ्या पात्राला कोणी प्रश्न विचारत नाही. पुढे या साच्यांना दीर्घ आयुष्य लाभले. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला, व्ही. शांताराम त्यात जमीन गमावणारा तरुण शेतकरी झाले होते. तो मोठा चित्रपट होता, कारण जमीन गेल्यावर माणसाचे शहरात काय होते, इथवर तो त्याच्या मागे गेला. त्याच्यानंतर आलेल्या कित्येक गोष्टींनी मात्र फक्त साचा उचलला.

यावर कोणी म्हणेल की सावकार खरोखरच निर्दय होते, मग साचा खोटा कसा? तो खोटा नाही, अपुरा आहे. काळुरामसारख्याला हुकूमनामा देणारे कोर्ट नवे होते, जमीन विकत घेता येण्याची सोय नवी होती. पूर्वीच्या सावकारालाही लोभ होता, पण गावाला दुखवून त्याचे निभत नव्हते, त्यामुळे त्या लोभाला मर्यादा पडत होती. स्वभाव तोच राहून परिस्थितीने त्याला धार दिली. हे दाखवणे म्हणजे सावकाराची वकिली नव्हे; त्याच्या जोडीला आणखी कोण उभे होते, ते सांगणे आहे.

चारच वर्षांनी शिरूर तालुक्यातच याहून अवघड गोष्ट घडली. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके आणि त्यांच्या रामोशी साथीदारांनी धामारी गावात एका व्यापाऱ्याच्या घरावर दरोडा घातला. तिथे सरकारसाठी जमा झालेला कर ठेवलेला होता; हाती लागले सुमारे ४०० रुपये. नुसते कथानक सांगायचे तर ही रात्रीची एक दरोडेखोरी आहे, आणि सरकारदफ्तरी ती तशीच गेली. आता त्यात माणूस घाला. पुण्यातल्या लष्करी हिशेब कचेरीतला हा कारकून, मरणाच्या दारातल्या आईला भेटायला वेळेवर रजा न मिळाल्याचे शल्य बाळगणारा, १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगाव उपाशी माणसे पाहिलेला. घटना एका अक्षराने बदललेली नाही, तरी तिचा अर्थ पार बदलला. त्याच वेळी त्यांच्या साथीदारांकडेही पाहावे लागते. रामोश्यांना इतिहासात बहुधा जमात म्हणूनच स्थान मिळाले, जन्मावरून संशयित. त्यांच्यातल्या दौलतराव नाईकांचे नाव उरले, पण त्यांच्या मनात काय होते हे विचारण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही. फडक्यांना आपण पात्र दिले, त्यांच्या माणसांना दिले नाही. ही उणीव अजून भरून काढायची आहे, आणि मला ती गंभीर वाटते.

आता मालिकांकडे. मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची 'एक शून्य शून्य' आली, त्यांचीच 'सी.आय.डी.' जानेवारी १९९८ पासून वीस वर्षे चालली. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न महाराष्ट्राच्या घरोघरी ओळखीचा झाला. या घडणीत तपास करणारा कायमचा आणि गुन्हेगार त्या भागापुरता. त्याच्या वाट्याला शेवटच्या कबुलीची काही मिनिटे येतात. लोभ, सूड किंवा मत्सर असा एखादा शब्द त्याला चिकटतो आणि भाग संपतो. वाईतल्या खऱ्या गुन्ह्यांवरून सुचलेली 'देवमाणूस' ही ऑगस्ट २०२० मधली मालिका उलट्या वाटेने गेली. गुन्हेगार पहिल्यापासून माहीत, कुतूहल एवढेच की गाव त्याच्यावर विश्वास का ठेवते. दवाखाना जवळ नसलेल्या गावात गोड बोलणाऱ्या डॉक्टरला मान मिळतो; कथानक गावाच्या या गरजेवर उभे राहते. पुढे मालिका लांबत गेली तशी ही पकड सैल झाली, पण सुरुवातीची दिशा बरोबर होती.

रोजच्या मालिकेला इतका वेळ नसतो आणि प्रेक्षकाला वेग हवा, हा आक्षेप मी मान्य करतो. साच्याशिवाय अर्ध्या तासाचा भाग उभा करणे कठीण आहे. पण करडे गावाच्या बहिष्कारात वेग कमी नाही, आणि तो येतो माणसांतूनच. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: गुन्हेगाराला मन दिले की गुन्ह्याला माफी मिळते. या बाबतीत १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा विचारात घ्यावा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्याने मुन्सफाला सांगितले की रोख्यावरचा आकडा प्रमाण मानू नका, देवघेव सुरू झाली तिथपासूनचा हिशेब तपासा. त्यामुळे कर्ज रद्द झाले नाही, किती खरे आणि किती फुगवलेले एवढे वेगळे करता आले. मागची गोष्ट ऐकणे आणि निवाडा करणे एकाच बाकावर बसून करता येते, हे कायद्याने गृहीत धरले. सावकारांनी त्यालाही तोड काढली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत करून घेऊ लागले, म्हणजे तपासायला मागचा हिशेबच उरू नये. शिरूर-दौंडच्या जमिनींवर कोणी गुन्हेमालिका लिहायला बसला, तर त्याने पहिला प्रसंग या खरेदीखताच्या टेबलापाशी ठेवावा: सही घेणारा, सही करणारा, आणि दोघांकडे न पाहता शिक्का मारणारा कारकून.