व्हॅटिकन यात्रा: प्रवेश व व्हिसाविषयक माहिती

रोमला जाऊन संत पीटर महामंदिरात प्रार्थना करावी, पोपमहोदयांचे दर्शन घ्यावे, ही अनेक भाविकांची इच्छा असते. हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांसाठी हा खर्च मोठा असतो. कागदपत्रांतील लहानशा त्रुटीमुळे तो वाया जाऊ नये, यासाठी पुढील माहिती देत आहोत.

व्हॅटिकनचा स्वतंत्र व्हिसा नाही

११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारानुसार अस्तित्वात आलेले व्हॅटिकन हे जगातील सर्वांत लहान राष्ट्र आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर असून ते चहूबाजूंनी रोम शहराने वेढलेले आहे. तेथे विमानतळ नाही. इटलीतूनच तेथे जावे लागते व या सीमेवर पासपोर्ट तपासला जात नाही. नवी दिल्लीत व्हॅटिकनची वकिलात आहे, परंतु पर्यटनाचा व्हिसा तेथे मिळत नाही. म्हणून 'व्हॅटिकनचा व्हिसा काढून देतो' असे सांगून कोणी वेगळे पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. भारतीय नागरिकास आवश्यक असतो तो इटलीचा शेंगेन व्हिसा.

अर्ज कोठे व केव्हा करावा?

हा अर्ज मुंबईतील व्हीएफएस केंद्रात स्वीकारला जातो. तेथे स्वतः उपस्थित राहून बोटांचे ठसे द्यावे लागतात. १२ वर्षांखालील मुलांना ठशांतून सूट आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मात्र किमान १५ दिवस आधी तो दाखल झालाच पाहिजे. निर्णयास सामान्यतः १५ दिवस लागतात, क्वचित ४५ दिवसही लागू शकतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो व ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. केंद्राचा सेवा आकार वेगळा असतो. व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळत नाही. नकाराचे कारण मात्र लेखी कळविले जाते व त्याविरुद्ध दाद मागता येते.

आवश्यक कागदपत्रे

१. गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला व दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट.
२. भरलेला अर्ज व अलीकडचे छायाचित्र.
३. किमान ३०,००० युरो संरक्षण देणारा प्रवास आरोग्य विमा.
४. जाण्यायेण्याच्या तिकिटांचे व निवासाचे आरक्षण.
५. बँक खात्याचा उतारा व उत्पन्नाचा पुरावा.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांकडे आयकर विवरणपत्र नसते. अशांनी सातबारा उतारा, बाजार समितीतील हळद वा सोयाबीन विक्रीच्या पावत्या आणि त्या रकमा जमा झालेले बँक खाते यांची सांगड घालून दाखवावी. गावी परतण्याचे सबळ कारण आहे, हेही यातून दिसते. धर्मगुरूंचे पत्र यात्रेचा हेतू स्पष्ट करते, पण ते या कागदांची जागा घेऊ शकत नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या दाखल्यांवर 'जिल्हा परभणी' असते. ही चूक नव्हे, मात्र व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर असेल तेच लिहावे. बाप्तिस्म्याचे नाव व शाळेच्या दाखल्यावरील नाव वेगळे असल्यास पासपोर्ट काढतानाच त्याचा उलगडा करून घ्यावा.

एकदा की अनेकदा प्रवेश?

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. रोमहून व्हॅटिकनला जाऊन परतणे हा नवा प्रवेश धरला जात नाही. लूर्द व फातिमा ही तीर्थक्षेत्रेही याच व्हिसावर पाहता येतात. परंतु रोमनंतर जेरुसलेमला जाऊन पुन्हा युरोपात यायचे असल्यास अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा, आणि इस्रायलचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीनुसार येण्याजाण्याची नोंद संगणकावर होते. मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राहू नये.

व्हॅटिकनमध्ये पोहोचल्यावर

महामंदिरात प्रवेश विनामूल्य आहे. सुरक्षा तपासणी होते व खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. साडी वा सलवार-कमीज उत्तम. पोपमहोदयांची सार्वजनिक भेट सामान्यतः बुधवारी असते व तिची प्रवेशपत्रिका मोफत मिळते. संग्रहालयांना तिकीट लागते. उर्वरित नगरात परवानगीशिवाय जाता येत नाही.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना १८६२ साली रोममध्येच संतपद बहाल झाले. त्या भूमीवर पाऊल ठेवू इच्छिणाऱ्यांनी कागदपत्रांची तयारी किमान सहा महिने आधी सुरू करावी. नियम व शुल्क बदलू शकतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी इटलीच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाची सूचना अवश्य पाहावी. आपली यात्रा सुखरूप व फलदायी होवो!