तळटीप : किंगा रायदा

१. किंगा रायदा (जन्म २०००) : पोलंडची स्की-जंपर. दक्षिण पोलंडच्या बेस्किड डोंगरांतल्या श्चिर्क गावच्या क्लबातून पुढे आली. याच डोंगरांतल्या विस्वा गावच्या अदाम माविशने हा खेळ पोलंडमध्ये घरोघरी पोचवला. पण ते वेड पुरुषांच्या उड्यांपुरते होते. स्त्रियांना जागतिक अजिंक्यपद २००९मध्ये, विश्वचषक मालिका २०११-१२च्या हंगामात आणि ऑलिंपिक २०१४मध्ये खुले झाले. म्हणजे रायदा लहान असताना जिच्याकडे बोट दाखवावे अशी पोलिश ऑलिंपिक स्की-जंपर स्त्री नव्हतीच. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती आणि निकोल कॉन्डेर्ला अशा पहिल्या दोघी ठरल्या. मजकुरातला ‘सहावा क्रमांक’ तिथल्या मिश्र सांघिक स्पर्धेतला आहे. या प्रकारात दोन स्त्रिया आणि दोन पुरुष प्रत्येकी दोनदा उडी मारतात व सर्व गुणांची बेरीज होते. त्यामुळे संघात कामिल स्टोख आणि दाविद कुबात्स्की यांच्यासारखे नामवंत असले, तरी निम्मा भार या दोघींवर होता. पदक नाही म्हणून ही कामगिरी किरकोळ ठरवणे अन्यायाचे होईल.