मावळ्यांचा मक्ता

नवरात्र उठले, कोजागरीचे दूध पिऊन झाले आणि शाळांना सहामाहीची सुट्टी लागली, की सातारा-सांगलीकडच्या वाड्यांच्या व चाळींच्या अंगणांत दगडविटांचा जो ढीग जमू लागतो, ज्यावर जुने गोणपाट भिजवून पसरतात, गेरू-चिखल थापतात, अळीव आणि मोहरी पेरतात, त्या ढिगाला 'किल्ला' ही पदवी प्राप्त होते ती माती वाळल्यामुळे नव्हे, तर त्यावर मावळे उभे राहिल्यामुळे. मावळे नसलेला किल्ला म्हणजे नुसता राडारोडा. आणि मावळे म्हणजे तरी काय? चार बोटे उंचीचे, गुलाबी तोंडाचे, एकाच फटकाऱ्यात काढलेल्या मिशांचे शिपाई. ज्यांच्या शेजारी त्यांच्या दुप्पट उंचीची गवळण डोक्यावर घागर घेऊन उभी असते, ज्यांच्या तोफेपेक्षा वाघ मोठा असतो, आणि ज्यांचे छत्रपती सिंहासनासह एखाद्या बुरुजावर मावत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी माथ्यावर निराळी फरशी बसवावी लागते. प्रमाणाची ही बेफिकिरी कोणाही मुलाला कधी खटकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

साताऱ्यातल्या एका कुंभाराच्या ओसरीवर लहानपणी मी तासन्‌तास उभा असे. मळलेल्या मातीची पोळी साच्याच्या दोन अर्ध्या भागांत अंगठ्याने दाबून बसवायची, कडांना पातळ चिखलाचा हात फिरवून दोन्ही भाग एकमेकांवर आवळायचे, थोड्या वेळाने साचा उघडून निघालेल्या शिपायाच्या कुशीवरून उतरणारा सांधा बांबूच्या कामटीने खरवडायचा, आणि मग अशा शेपन्नास शिपायांची पलटण फळीवर सावलीत वाळत ठेवायची, हे काम घरातील कर्ता पुरुष करी. भाजणीनंतरचे रंगकाम बहुधा बायकांकडे आणि मुलींकडे असे. माझ्या बालमनाला सर्वांत मोठा धक्का बसला तो साचा एकच आहे हे कळले तेव्हा. मूठ तीच, तीत काडी खोचली की भालदार, पत्र्याची पट्टी खोचली की तलवारबहाद्दर, आणि काहीच न खोचता पागोटे तेवढे पांढरे रंगवले की कारकून. पुढे मातीची जागा प्लास्टर ऑफ पॅरिसने घेतली. वजन हलके झाले, रंग अधिक चकाकू लागला, पण साच्याची ही काटकसर तशीच राहिली.

या मूर्तींबद्दल एक गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की ती बोलूनही दाखवीत नाही: शिवछत्रपतींचे रूप घडविण्यासाठी कुंभाराने कोणाची परवानगी घेतली नाही आणि कोणास एक पैही दिली नाही. एके काळी महाराजांचे म्हणून जे चित्र सर्वत्र छापले जाई ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच इसमाचे होते, ही चूक वा. सी. बेंद्रे यांनी सप्रमाण दाखवून दिली आणि अस्सल चित्र उजेडात आणले. त्यानंतर साच्यातील मुद्राही पालटली असेल, परंतु तो पालट झाला इतिहाससंशोधकाच्या शब्दाखातर, एखाद्या हक्कदाराच्या नोटिशीमुळे नव्हे. वीराचे रूप ही गायरानासारखी सामाईक मालमत्ता होती. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, आणि लाकडी बाहुल्याही घडविल्या, तेव्हा त्यांना आश्रय लागला तो चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा. रामाचा वेष अमक्यानेच धारण करावा अशी सनद कोणाकडे मागावी लागली नाही.

मात्र यावरून जुना काळ म्हणजे मोकळे रान होते असे कोणी समजू नये. मक्तेदारी तेव्हाही होती, आणि कडक होती. फक्त ती निराळ्या वस्तूवर बसलेली होती. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक; गावाला गाडगी-मडकी, आषाढातल्या बेंदराला पूजेचे मातीचे बैल, लग्नाला बोहल्याच्या उतरंडी त्याने पुरवायच्या आणि सुगीत खळ्यावर आपले बलुते न्यायचे, हे त्याचे वतन असे. ते वंशपरंपरेने चाले, भाऊबंदांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. आणि परगावच्या कुंभाराने येऊन त्या गावात चाक मांडले तर तंटा उभा राही, गोत बसे, महजर होई. मक्ता होता तो गावाचा. आपल्या शिवेच्या आत कुंभाराने बैल घडवावा की गणपती की शिपाई, याची पंचाईत कोणी करीत नसे.

विसाव्या शतकात अमेरिकेत जी व्यवस्था उदयास आली ती याच्या नेमकी उलट: गाव कोणतेही असो, मक्ता रूपाचा. तिच्या मुळाशी एक खरेदीखत आहे, ज्याची आठवण झाली की आपल्याकडच्या सावकारी दस्तऐवजांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन हा वीर निर्माण केला आणि १९३८ साली त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांस प्रकाशकाच्या नावे करून दिले. ज्यांच्या बुद्धीतून मूर्ती निघाली ते कायमचे परके झाले, आणि ज्याच्या हाती कागद राहिला तो मूर्तीचा धनी झाला. मग त्या धन्याने खेळणी घडविणाऱ्या कारखानदारांस ते रूप मुदतबंद मक्त्याने द्यावे, कारखानदाराने विक्रीवर ठरीव टक्के भरावेत, मुदत संपली की कबुलायत नव्याने व्हावी किंवा मक्ता दुसऱ्यास जावा. महालाचा वसूल इजाऱ्याने देण्याची पद्धत ज्यांनी मोडी कागदांत वाचली आहे त्यांना यात नवे ते काय, असे वाटेल.

त्या मुलखात मुलग्यांनी बाहुलीशी खेळणे कमीपणाचे समजत, म्हणून हासब्रो कंपनीने १९६४ साली 'जी. आय. जो' हा बारा इंची शिपाई विकावयास काढला तेव्हा त्यास बाहुली न म्हणता 'ॲक्शन फिगर' असे नवे नाव दिले. १९७२ पासून मेगो नावाच्या कंपनीने सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन आदी मंडळी आठ इंची आकारात आणली. धड एकच, डोके आणि कपडे तेवढे निराळे. साताऱ्याच्या ओसरीवरची ती हातातली काडी न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांसही सुचली होती. मात्र याच मेगोने १९७६ साली एका होऊ घातलेल्या चित्रपटाचा मक्ता नाकारला. चित्रपट होता 'स्टार वॉर्स'. मक्ता गेला केनर नामक कंपनीकडे, आणि चित्रपटास लोटलेली गर्दी पाहून केनरची अशी काही त्रेधा उडाली की १९७७ च्या नाताळापर्यंत बाहुले तयार होईनात. तेव्हा तिने रिकामे पाकीट विकले! आत पुठ्ठ्याचे एक चित्र आणि एक दाखला; तो टपालाने परत पाठविला म्हणजे नव्या वर्षात चार बाहुले घरपोच मिळावयाचे. ही शुद्ध हुंडी होती. ती लोकांनी आनंदाने घेतली, आणि सकारलीही गेली. मेगोचे मात्र पुढील दशकाच्या आरंभीच दिवाळे निघाले.

याहून सुरस कथा चित्रकथांची प्रकाशक मार्व्हल आणि खेळणी घडविणारी टॉय बिझ यांची आहे. सामान्य मक्तेदार मुदतीने आणि टक्केवारीने बांधलेला असतो. टॉय बिझला १९९३ साली मार्व्हलच्या वीरांचा मक्ता मिळाला तो कायमचा, दुसऱ्या कोणाचा शिरकाव नसलेला आणि टक्केवारी पूर्ण माफ असलेला, म्हणजे आपल्या परिभाषेत सर्वमान्य इनाम. त्याच्या मोबदल्यात टॉय बिझने स्वतःच्या मालकीचा शेकडा ४६ हिस्सा मार्व्हलला दिला. तीन वर्षांत मार्व्हलचेच दिवाळे वाजले. धनको, समभागवाले आणि वकील यांच्या दिवाणी रणधुमाळीतून १९९८ साली जे बाहेर पडले त्यात टॉय बिझने मार्व्हलला घशात घातलेले होते. ज्या मुलखात १ एप्रिल १९५७ या एका तारखेने कुळे जमिनीची मालक झाली, तेथील वाचकाला या घटनेचे मर्म फोड करून सांगावयास नको. फरक इतकाच की आपल्याकडे कायद्याने कुळाचा हात धरला होता, तेथे कुळाने आपल्याच बळावर वाडा काबीज केला. २००७ पासून त्या वीरांचा इजारा हासब्रोकडे गेला.

आणि जकातीचे ते प्रकरण! अमेरिकेच्या जकात कोष्टकात बाहुलीवर शेकडा १२ आणि अन्य खेळण्यावर शेकडा ६.८ असा दर होता. आणि बाहुली म्हणजे मनुष्याची प्रतिकृती, अशी व्याख्या. तेव्हा टॉय बिझने तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात असा युक्तिवाद मांडला की आमचे एक्स-मेन ही माणसेच नव्हेत. त्या वीरांच्या कथांचा सगळा गाभा हा, की जगाने झिडकारले तरी आम्ही माणसेच आहोत. आणि त्यांच्याच धन्याने चार पैशांची जकात वाचविण्यासाठी त्यांचे मनुष्यत्व शपथेवर नाकारावे! २००३ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. साताऱ्याच्या जकात नाक्यावर आयुष्य काढलेल्या माझ्या एका वडीलधाऱ्या नातलगास ही हकिकत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. "मालाचं वर्णन बदललं की दर बदलतो, त्यात काय," एवढेच म्हणाले.

आपल्याकडे हा मक्ता आला तो दूरदर्शनच्या पाठोपाठ. ब्लो प्लास्टच्या लिओ या शाखेने मॅटेल या अमेरिकी खेळणी-कंपनीच्या परवान्यावर ही-मॅन भारतात ओतला; १९८७ साली एमआरएफ आणि हासब्रो यांनी भागीत काढलेल्या फनस्कूलने गोव्यातील आपल्या कारखान्यातून जी. आय. जो बाजारात सोडला, आणि अमेरिकेत रजा दिलेल्या साच्यांवर, अमेरिकेत कधी न चढलेले रंग चढवून निघालेले हे हिंदुस्थानी शिपाई पुढे परदेशी संग्राहक अट्टहासाने शोधू लागले. सांगलीच्या बाजारपेठेतल्या दुकानात काचेमागे लटकणारी ती पाकिटे आम्ही नुसती न्याहाळत असू. घेण्याची ऐपत फार थोड्यांची. आमच्या वाट्याचे वीर पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मिळत: पोकळ प्लास्टिकचा, शीळ बसवलेला, निळ्याच्या जागी हिरवा रंग मारलेला स्पायडरमॅन, आणि १९९७ नंतर त्याच धडावर डोके बदलून आलेला शक्तिमान. त्यांच्यावर कोणाचे नाव नव्हते, गावही नव्हते. कंपनीच्या दृष्टीने ती उघड चोरी होती. यात्रेकरूच्या दृष्टीने ती कुंभाराची जुनी वहिवाट होती, आणि या दोन दृष्टींपैकी एकही मला पुरती खोटी म्हणता येत नाही.

अलीकडे सरकारनेही यात हात घातला. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क शेकडा २० वरून ६० झाले, २०२३ मध्ये ७०. आणि १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना खेळणे विकणे हा गुन्हा ठरला. अगोदर या हुकमात मातीचे बैल आणि परदेशी बॅटमॅन एकाच मापाने मोजले जाणार असे दिसत होते. परंतु डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती निघून, हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः घडवून विकलेल्या खेळण्यांस माफी मिळाली. शाहू महाराजांच्या दप्तरात ज्याच्या वतनाचा कागद सापडावा त्या कुंभाराच्या वंशजाला ओळखपत्राचा अर्ज भरावा लागला, हा कालमहिमा.

सांगलीत माझा एक भाचा आहे, नोकरीपेशाचा, आणि या वीरांचा संग्राहक. संग्राहकांच्या जगात बाहुल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, किंमत असते ती ज्यावर तो डकवलेला असतो त्या पुठ्ठ्याची. पाकीट फोडले की मोल उतरते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, आणि भाच्याच्या घरात पाणी कपाटाच्या चौथ्या फळीपर्यंत चढले. ओसरल्यावर मी गेलो तेव्हा तो अंगणात बादलीत फिनेल घालून एकेक वीर धूत बसला होता. "मामा, पुतळ्यांना काहीच झालं नाही बघा. पुठ्ठे तेवढे गेले," असे म्हणून त्याने लगद्याचा एक गोळा मला दाखविला; त्या गोळ्यात त्याची काही वर्षांची शिल्लक होती. शेजारच्या घरात बेंदराचे बैल देवळीत ठेवलेले असत, त्यांचा गाळ झाला होता. पण ते पुढील आषाढात पुन्हा येणारच होते, म्हणून त्यांची चौकशी कोणी केली नाही.

तेव्हापासून तो पाकिटे फोडूनच फळीवर मांडतो. त्याचे आता दुसरेच गाऱ्हाणे आहे. बॅटमॅनची प्रकाशक जी डीसी, तिच्या वीरांचा मक्ता मॅटेलकडे होता तोवर बॅटमॅन सहा इंची असे. २०२० पासून संग्राहकांसाठीचा मक्ता मॅकफार्लेनकडे गेला आणि बॅटमॅन सात इंची झाला, त्यामुळे जुना आणि नवा शेजारी ठेवले तर थोरला भाऊ धाकट्यापुढे उभा राहिल्यासारखे दिसते. हा एक इंच त्याला झोपू देत नाही. गेल्या दिवाळीत त्याच्या मुलीने अंगणात अजिंक्यतारा रचला, कुंभाराकडून आणलेले मावळे तटावर लावले, आणि पहारेकरी कमी पडले म्हणून वडिलांच्या फळीवरचा तो सात इंची बॅटमॅन उचलून महादरवाजात नेला. त्याचे डोके कमानीला अडले. भाचा ओरडला, "अगं, तो नाही बसत तिथं, माप चुकतंय." तिने किल्ल्याकडे पाहिले, बॅटमॅनकडे पाहिले, आणि कमानीवरची एक वीट काढली.