आधी डबी, मग यंत्र : शनेलच्या घड्याळांची गोष्ट



दोह्याच्या उत्तरेला लुसैलमध्ये 2022 साली 'प्लास व्हांदोम' नावाचा भलामोठा मॉल उघडला. आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन, किमती पाहून, कारंजं बघून आणि फक्त कॉफी पिऊन परत आले असतील :-) हे नाव पॅरिसमधल्या एका चौकाचं. चौदाव्या लुईच्या काळात जूल आर्दुआं-मांसार या वास्तुविशारदाने तो आखला. आयताकृती, पण चारही कोपरे तिरके कापलेले, म्हणजे वरून पाहिलं तर अष्टकोन. त्या अष्टकोनाने पुढे एका घड्याळाला आकार दिला. त्या घड्याळाचा इतिहास आपल्यासारख्या इंजिनिअर लोकांना थोडा खटकणारा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

याच चौकातल्या रिट्झ हॉटेलात कोको शनेल बाई वर्षानुवर्षं राहिल्या. त्यांचं अत्तर 'नंबर 5' आलं 1921 मध्ये आणि त्या बाटलीला अष्टकोनी बूच आलं 1924 मध्ये. बाई 1971 साली वारल्या. त्यांच्या हयातीत कंपनीने घड्याळ केलं नव्हतं. पहिलं घड्याळ 1987 चं, नाव 'प्रीमिएर', म्हणजेच पहिलं. ते आखलं जाक एलू यांनी. हे गृहस्थ कंपनीचे कलादिग्दर्शक, घड्याळजी नव्हेत. त्यांनी बुचाचा अष्टकोन घेतला, त्यात काळी तबकडी बसवली आणि पट्टा म्हणून शनेलच्या पर्सची ती प्रसिद्ध साखळी लावली, कड्यांमधून चामडं ओवलेली. तबकडीवर एकही आकडा नाही, तारीख नाही, सेकंदकाटा नाही. आत क्वार्ट्झ.

इथे आपल्यातला इंजिनिअर नाक मुरडतो. सेलवरचं यंत्र, त्याला सुंदर डबी आणि वर नावाचे पैसे! इथे दोह्यात ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर घड्याळांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. मलाही ते बरीच वर्षं पटायचं. पण त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवून बघा. 'एचएमटी' 1961 पासून सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं करत होती. यंत्र भरवशाचं, रोज सकाळी चावी द्यायची, बापाचं घड्याळ मुलाला जायचं. क्वार्ट्झही त्यांनी आणलं होतं, पण भर राहिला चावीवरच. आणि 1987 च्या सुमारास टाटांचं 'टायटन' बाजारात आलं : क्वार्ट्झ, बारीक, देखणं, चकाचक शोरूममध्ये मांडलेलं, जाहिरातीला मोझार्टची सिंफनी. घड्याळ ही भेट द्यायची, साडीला शोभणारी वस्तू असू शकते हे आपल्या मध्यमवर्गाला टायटनने शिकवलं. किमतीत जमीनअस्मानाचा फरक, पण टायटन आणि शनेल दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. क्वार्ट्झने अचूक वेळ स्वस्त केली होती, तेव्हा आता माणूस पैसे मोजणार ते रूपासाठी.

फरक पडला तो पुढे. शनेल डबीवर थांबली नाही. 1993 मध्ये तिने स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों गावची 'शातलां' ही कार्यशाळा विकत घेतली. मग 2000 साली एलूंनी 'जे 12' काढलं. नाव शर्यतीच्या शिडाच्या नौकांवरून, आणि अंग काळ्या सिरॅमिकचं. सिरॅमिक घड्याळात आणणारी शनेल पहिली नव्हे, 'राडो' आणि 'आयडब्ल्यूसी' यांनी 1986 मध्येच ते केलं होतं. पण याची हवा झाली ती जे 12 मुळे, त्यातही 2003 च्या पांढऱ्या रंगामुळे. हे काम सोपं नाही. झिर्कोनियम ऑक्साइडची पूड साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची. भाजताना ती चांगलीच आकसते, म्हणून साचा आधीच हिशेबाने मोठा करायचा, आणि नंतर पॉलिश करायला हिऱ्याची पूड लागते. इथल्या वाळूने स्टीलवर महिन्याभरात चरे पडतात, यावर सहसा पडत नाहीत. (फरशीवर मात्र पाडू नका, तडकेल!)

यंत्र अजूनही बाहेरचंच होतं. स्वतःचं म्हणावं असं पहिलं यंत्र, 'कॅलिबर 1', आलं 2016 मध्ये, 'मस्य द शनेल' या पुरुषांच्या घड्याळात. प्रीमिएरनंतर तब्बल 29 वर्षांनी. यात तासाचा काटाच नाही, खिडकीत आकडा दिसतो. मिनिटकाटा 240 अंशांच्या कमानीवर सरकतो आणि साठाव्या मिनिटाला झटक्यात शून्यावर परत येतो, त्याच क्षणी तासाचा आकडा उडी मारतो. म्हणजे तासभर थोडी थोडी ताकद साठवायची आणि एका क्षणात सोडायची, तीही घड्याळाची चाल न बिघडवता. ज्यांनी बफर आणि टायमिंगशी झटापट केली आहे त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. आणि उघड्या पाठीतून दिसणारं ते काळं, गोलागोलांचं यंत्रसुद्धा रूपाचाच भाग म्हणून आखलेलं.

योगायोग बघा, त्याच 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला मंजुरी दिली. ज्यांच्याकडे यंत्र होतं त्यांना रूप जमलं नाही. ज्यांच्याकडे नुसतं रूप होतं त्यांनी यंत्र शिकून घेतलं. अर्थात शनेलकडे घाई नसलेला मालक आणि अत्तराचा पैसा होता, एचएमटीकडे सरकारी फायली. त्यामुळे तुलना पूर्ण न्यायाची नाही हे मान्य. तरी 'डिझाइन म्हणजे शेवटी मारायचा रंग' हे जे आपण कॉलेजातून शिकून आलो, ते मला आता पटत नाही.

2019 मध्ये जे 12 ला 'केनिसी' कारखान्याचं 70 तास चालणारं यंत्र मिळालं. त्या कारखान्यातही शनेलची भागीदारी आहे. 'एफ. पी. जूर्न'सारख्या नामांकित स्वतंत्र घड्याळजीच्या कंपनीतही तिने 2018 मध्ये हिस्सा घेतला. आता यंत्रांना तोटा नाही. आणि 2022 मध्ये, लुसैलचा मॉल उघडला त्याच वर्षी, शनेलने जुनं प्रीमिएर पुन्हा बाजारात आणलं. तोच अष्टकोन, तीच साखळी, आकडे नाहीत. आत क्वार्ट्झच.