व्हिकरेज : मागच्या दाराने

इंग्लंडमधल्या खेड्यात चर्चलगतचे व्हिकरेज, म्हणजे गावच्या पाद्रीसाहेबांचे घर, पाहायला गेलेला माणूस दर्शनी भिंत बघतो, वेलींचे कौतुक करतो आणि निघतो. या विषयात नव्याने येणाऱ्यांनी आधी मागच्या आवारात जावे, असे माझे सांगणे आहे. तबेला, बग्गीखाना, दूधघर, बिअर करण्याची खोली, डुकरांची खुराडी बघितली की हे घर कशावर चालत होते ते उमगते.

ते चालत होते दशांशावर. गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आपल्याकडच्या बलुत्यासारखा, मालाच्या रूपात यायचा. धान्य आणि गवत रेक्टरचे, म्हणजे मोठ्या दशांशाच्या हक्कदाराचे. व्हिकरच्या, म्हणजे व्हिकरेजमध्ये राहणाऱ्या पाद्र्याच्या, वाट्याला बहुधा कोकरे, अंडी, मध, फळे असा किरकोळ माल. म्हणून टोलेजंग कोठार दिसले तर ते व्हिकरचेच असेल असे धरून चालू नये. १८३६च्या कायद्याने दशांश रोखीत वळवला आणि कोठारांचे मूळ कामच सरले.

घराकडे वळायचे तर ससेक्समधल्या आल्फ्रिस्टनपासून सुरुवात करावी. चौदाव्या शतकातले हे लाकडी सांगाड्याचे, गवताने शाकारलेले पाद्रीघर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना घेतले. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत. मधले दालन थेट छपरापर्यंत उघडे, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. जमीन चुनखडी कुटून, आंबट दूध घालून केलेली. पाद्र्याचे घर आणि सुखवस्तू शेतकऱ्याचे घर यांत तेव्हा फारसा फरक नव्हता.

तो पुढे पडला. १७७६च्या गिल्बर्ट कायद्याने पाद्र्याला पदाचे उत्पन्न गहाण टाकून घर बांधायला कर्ज मिळू लागले, आणि त्यातून ती ऐसपैस, सममित घरे उभी राहिली. मला स्वतःला ती जरा कंटाळवाणी वाटतात. त्याउलट वास्तुकार बटरफील्डने १८४४-४५ मध्ये कोलपिट हीथ या गावी बांधलेले व्हिकरेज पाहा : आतल्या खोलीच्या गरजेप्रमाणे खिडकी लहानमोठी, सममितीची पर्वा नाही. वास्तुकार फिलिप वेबच्या १८५९च्या रेड हाउस या घराची वाट इथूनच जाते.

अशा घरांचा माग काढताना कागदपत्रांना भिऊ नये. चर्चच्या जमिनीच्या जुन्या याद्यांत कोठार, तबेला कधी कधी खणांत मोजलेले सापडतात. गिल्बर्ट कर्जाच्या अर्जांना नकाशे जोडलेले असतात. सर्वांत बोलके कागद मात्र पडझडीच्या दाव्यांचे. नवा पाद्री आधीच्याकडून, तो वारला असल्यास त्याच्या वारसांकडून, दुरुस्तीचा खर्च मागू शके. त्यासाठी गळके छप्पर, कुजलेली तुळई, तबेल्याचे मोडके दार यांची बारकाईने नोंद होई. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांनी गाळलेली खुराडी आणि शौचकूप तिथे हमखास भेटतात.