एडमुंड मायझेल : मूकपटाला धडधड देणारा संगीतकार

२९ एप्रिल १९२६. बर्लिनच्या अपोलो थिएटरात सर्गेई आयझेनस्टाईनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ लागला. आधी सेन्सॉरने तो अडवला होता, मग कात्री लावून सोडला. वाद्यवृंदासमोर उभा होता व्हिएन्नात जन्मलेला एडमुंड मायझेल. संपूर्ण चित्रपटाचे संगीत त्याने जेमतेम बारा दिवसांत रचले होते.

त्या काळी बहुतेक चित्रगृहांत तयार सुरावटी जुळवून वाजवीत. वादळ आले की वादळाची, प्रेमप्रसंग आला की प्रेमाची. ज्युसेप्पे बेचे याने तर अशा तुकड्यांचे संग्रहच छापले होते. सोयीची रीत, पण चित्रपट कोणताही असो, ऐकू येई तेच ते.

अखेरच्या भागात युद्धनौका आरमाराला सामोरी जाते. तिथे गोड सुरावट नको, नुसती लय हवी, असा आयझेनस्टाईनचा आग्रह होता. मायझेलने तालवाद्यांतून जहाजाची यंत्रेच जणू सुरू केली. परिणाम असा, की जर्मनीत काही ठिकाणी चित्रपटाला परवानगी मिळाली आणि संगीतावर मात्र बंदी आली. शब्द नसलेल्या संगीताची राज्यकर्त्यांना धास्ती वाटावी, यापरती पावती कोणती?

पुढे रुटमानच्या ‘बर्लिन : महानगराची सिंफनी’ (१९२७) आणि आयझेनस्टाईनच्याच ‘ऑक्टोबर’साठीही त्याने संगीत दिले.

मैत्री मात्र टिकली नाही. १९२९ साली लंडनच्या फिल्म सोसायटीत ‘पोटेमकिन’ दाखवला गेला. आपले संगीत नीट बसावे म्हणून मायझेलने प्रक्षेपणाची गती कमी करायला लावली, असा आयझेनस्टाईनचा आरोप. दगडी सिंहांच्या तीन वेगवेगळ्या पुतळ्यांतून एकच सिंह उठून गर्जतो, हा भास वेगावरच उभा होता. तो उघडा पडला आणि प्रेक्षक हसले. आयझेनस्टाईनने हे कधीच विसरले नाही. संगीतकाराची बाजू मांडायला मायझेल फार काळ उरलाही नाही.

१९३० मध्ये ‘पोटेमकिन’ची ध्वनिमुद्रित जर्मन आवृत्ती निघाली, तीही मायझेलच्याच संगीतासह. त्याच नोव्हेंबरात आंत्रपुच्छाच्या दुखण्याने तो गेला. वय अवघे ३६.

मूळ वाद्यवृंदाची संहिता हरवली, पियानोची प्रत तेवढी उरली. तिच्या आधारे पुन्हा उभारलेले संगीत २००५ साली हेल्मुट इमिग यांच्या संचालनाखाली, पुनर्संचयित चित्रपटासोबत, बर्लिनमध्येच पुन्हा वाजले.